चौथ्या माणसाचं तिकीट: पुणे–मुंबई प्रवासात एसटी मोटारीपुढे कुठे हरते

पुण्याहून मुंबईला एकटा माणूस निघाला तर स्वतःची मोटार काढणं त्याला परवडत नाही. दोघं असतील तर घरात थोडी चर्चा होते. तिसरा माणूस आला की हिशेब डळमळतो. चौघं असतील तर बहुतेक घरांत एसटीचं नावही निघत नाही.

या प्रकरणात तोच एक प्रसंग घेतला आहे: शनिवारी सकाळी पुण्यातून निघून दादरला किंवा ठाण्याला नातेवाइकांकडे जाणारा आणि रविवारी परतणारा तीन ते पाच जणांचा गट. या गटाकडे गाडी आहे, पण ती चालवायची हौस सगळ्यांनाच आहे असं नाही. खंडाळ्याच्या घाटात ट्रकांच्या मागे सरपटणं, दादरला गाडी लावायला जागा शोधणं, दोन दिवसांत दोनदा तीन-चार तास स्टिअरिंग धरणं, हे टाळता आलं तर अनेकांना हवं आहे. तरीही ते गाडीनेच जातात. मी हा हिशेब वेगवेगळ्या घरांसाठी मांडून पाहिला आणि त्यातून जे निघालं ते मला महत्त्वाचं वाटतं. एसटी महाग आहे म्हणून हरत नाही. तिचं तिकीट डोक्यामागे आहे आणि मोटारीचा खर्च गाडीमागे आहे, म्हणून हरते.

मोटारीचा खर्च, घर मोजतं तसा

कोथरूड ते दादर साधारण १५० किलोमीटर. पेट्रोलची मध्यम आकाराची गाडी, एसी चालू, घाटाचा चढ-उतार. लिटरला १५ किलोमीटर धरू. दहा लिटर पेट्रोल, १०४ रुपये दराने १,०४० रुपये. यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गाचा मोटारीचा टोल १ एप्रिल २०२३ पासून एका बाजूला ३२० रुपये आहे. एकूण १,३६० रुपये. केंद्र सरकारचा तीन हजार रुपयांचा वार्षिक फास्टॅग पास ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला, पण तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. हा रस्ता राज्याचा असल्यामुळे तो इथे चालत नाही.

आता भागाकार करा. एकट्याला १,३६०. दोघांत ६८०. तिघांत ४५३. चौघांत ३४०. पाच जण कोंबून बसले तर २७२.

वाहतुकीचा अभ्यास करणारे इथे आक्षेप घेतात की हा खरा खर्च नव्हे. टायरची झीज, सर्व्हिसिंग, विमा, कर्जाचा हप्ता आणि गाडीची दरवर्षी घटणारी किंमत धरली तर आकडा बराच वर जातो. आक्षेप बरोबर आहे, पण या प्रसंगात त्याचा उपयोग नाही. विमा भरून झालेला आहे. हप्ता गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली तरी जाणारच आहे. शनिवारी सकाळी घरातला माणूस फक्त त्या दिवशी खिशातून जाणारे पैसे मोजतो, आणि त्याच्या जागी तो शहाणपणाचाच हिशेब आहे. सार्वजनिक वाहतुकीला स्पर्धा करायची आहे ती या १,३६० रुपयांशी.

यात दोन गोष्टी जोडायला हव्यात. घरातली गाडी सीएनजीची असेल तर इंधनाचा खर्च जवळपास निम्मा होतो आणि एका बाजूचा प्रवास नऊशेच्या आत बसतो. अशा चौघांना बस दराच्या जोरावर खेचू शकत नाही, हे सुरुवातीलाच मान्य केलेलं बरं. दुसरी गोष्ट दरांच्या दिशेची. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींना टोलमाफी मिळाली. तिथे आधी ४५ रुपये पडत होते. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आत, २५ जानेवारी २०२५ पासून, एसटीची १४.९५ टक्के भाडेवाढ लागू झाली. दोन्ही निर्णयांमागची कारणं वेगळी होती. पण पुण्याहून मुंबईला निघालेल्या कुटुंबाच्या बाजूने पाहिलं तर एका वर्षाच्या आत मोटार थोडी स्वस्त झाली आणि बस लक्षणीय महागली.

शिवनेरीचा हिशेब, माणूस पाहून

मोटारीशी तुलना करायची तर शिवनेरीशीच करावी लागते. वातानुकूलित, आरामशीर आणि द्रुतगती मार्गाने जाणारी. तिचं तिकीट सुटण्याच्या आणि उतरण्याच्या थांब्यानुसार थोडं बदलतं, म्हणून हिशेबासाठी पूर्ण तिकीट ५५० रुपये धरतो. आकडा वीस-तीस रुपयांनी इकडेतिकडे झाला तरी पुढचं चित्र बदलत नाही.

चार मित्र निघाले तर २,२०० रुपये. मोटारीने १,३६०. एका बाजूला ८४० रुपयांचा फरक, जाऊन-येऊन १,६८०. इतक्या पैशांत त्यांचं शनिवारी रात्रीचं जेवण होतं. त्यांना एसटीचं महत्त्व पटवून सांगण्यात अर्थ नाही.

पण घर बदललं की आकडे बदलतात, आणि इथे मला या प्रकरणातली सगळ्यात रोचक गोष्ट दिसली. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या प्रकारच्या बसमध्ये महिलांना अर्धं तिकीट आहे, शिवनेरीसुद्धा त्यात येते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मी सवलत. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट तर फार जुनं. आता एक घर घ्या: नवरा, बायको, आठ आणि अकरा वर्षांची दोन मुलं, आणि ७७ वर्षांची आजी. नवऱ्याचे ५५०, बायकोचे २७५, मुलांचे मिळून ५५०, आजीचे शून्य. एकूण १,३७५ रुपये. मोटारीचे १,३६०.

म्हणजे या घरापुरती स्पर्धा बरोबरीत सुटली आहे. कोणी ठरवून कौटुंबिक तिकीट काढलं नाही, पण लिंग आणि वय पाहून दिलेल्या सवलती एका घरात एकत्र आल्या आणि कौटुंबिक तिकीट आपोआप तयार झालं. फक्त नवरा-बायको निघाले तर ८२५ रुपये, मोटारीपेक्षा ५३५ रुपयांनी स्वस्त. आई आणि दोन मोठ्या मुली निघाल्या तरी तेवढेच ८२५. महिला सवलतीकडे आपण महिलांच्या प्रवासस्वातंत्र्याच्या अंगाने पाहतो आणि ते योग्यच आहे. पण गटाने प्रवास करणाऱ्या घराला मोटारीपासून दूर ठेवणारं राज्यातलं सगळ्यात मोठं साधनही तीच आहे. त्या अंगाने तिची चर्चा झाल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही.

या आपोआप तयार झालेल्या तिकिटाला एक वयोमर्यादाही आहे. मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याचं अर्धं तिकीट संपतं. मुलीचं संपत नाही, कारण तिला महिला सवलत लागू होते. त्याच घरात आठ आणि अकरा वर्षांच्या दोन मुलांऐवजी चौदा आणि सोळा वर्षांचे दोन मुलगे असतील तर हिशेब असा: वडील ५५०, आई २७५, मुलगे ५५० आणि ५५०. एकूण १,९२५. मोटारीचा खर्च तिथेच, १,३६०. दोन मुली असत्या तर १,३७५. एकाच इमारतीतली दोन सारखीच घरं, सारखंच उत्पन्न, सारखाच प्रवास. एकाला बस परवडते, दुसऱ्याला नाही, आणि फरक एवढाच की एका घरात मुलगे आहेत. मुलगे मोठे होऊ लागले की ते घर एसटीच्या हातून सुटतं, आणि एकदा सवय मोडली की मुलं कमावती झाल्यावर परत बसकडे वळण्याची शक्यता कमीच.

रेल्वेची अडचण वेगळी

रेल्वेचा उल्लेख टाळला तर प्रकरण अर्धवट राहील. मुंबई–पुणे १९२ किलोमीटर, आणि डेक्कन क्वीन, इंद्रायणी, सिंहगड, प्रगती अशा गाड्यांचं द्वितीय श्रेणी बैठकीचं तिकीट शे-सव्वाशे रुपयांत येतं. चौघांचे पाचशेच्या आत. मोटारीच्या निम्म्याहून कमी, सीएनजीच्या गाडीपेक्षाही कमी. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद झाली आणि ती परत आलेली नाही, तरीही दराच्या स्पर्धेत रेल्वे जिंकलेलीच आहे.

मग घरं रेल्वेने का जात नाहीत? शनिवारी सकाळच्या गाडीत चार जागा एकत्र मिळत नाहीत म्हणून. एका तिकिटावर सहा जणांचं आरक्षण करता येतं, पण आठवडाभर आधी ठरलेल्या बेतासाठी ते उघडून पाहिलं तर प्रतीक्षा यादी. चौघांतले दोघं निश्चित आणि दोघं प्रतीक्षेत असा निकाल कुटुंबाच्या कामाचा नाही. इथे गटासाठी दर कमी करणं म्हणजे ज्यांना कसंही करून जायचंच आहे त्यांना पैसे परत देणं. रेल्वेला इथे डबे हवेत, गाड्या हव्यात. दराचं औषध सगळ्या दुखण्यांना लागू पडत नाही, आणि या मार्गावर ते शिवनेरीसाठी आहे, डेक्कन क्वीनसाठी नाही.

एसटीच्या लेखी गट म्हणजे चाळीस जण

एसटी गटांना ओळखत नाही असं नाही. लग्नाच्या वऱ्हाडासाठी, शाळेच्या सहलीसाठी प्रासंगिक करारावर अख्खी गाडी मिळते. आषाढीला गावातून चाळीसेक वारकरी तयार असतील तर थेट गावातून पंढरपूरची बस निघते. गणपतीला मुंबईच्या चाळींतून आणि सोसायट्यांतून कोकणात गट आरक्षणाच्या गाड्या सुटतात. ही व्यवस्था जुनी आणि लोकांच्या जिव्हाळ्याची आहे.

पण तिचं एकक बस आहे. एसटीच्या तिकीट यंत्रात एक प्रवासी आहे आणि अख्खी गाडी आहे. मधले तीन, चार, पाच जण नाहीत. आणि नेमकं त्याच आकड्याचं वाहन त्यांच्या दारात उभं आहे.

गट म्हटलं की महामंडळ कसा विचार करतं, हे २०२५ च्या गणेशोत्सवाआधी दिसलं. कोकणातल्या गट आरक्षणाच्या गाड्यांना एकेरी प्रवासासाठी तीस टक्के जादा आकारणी जाहीर झाली. कारण दिलं गेलं ते हिशेबाला धरून होतं: या गाड्या प्रवासी सोडून रिकाम्या परततात आणि तो खर्च महामंडळावर पडतो. लोकांत नाराजी पसरली आणि काही दिवसांतच सरकारने ती वाढ मागे घेतली. मला यातला निर्णय किंवा माघार यापेक्षा त्यामागचं गणित महत्त्वाचं वाटतं. गट आरक्षणात एसटीला एक जादा गाडी काढावी लागते, म्हणून गट तिला खर्चाचा वाटतो. तीन ते पाच जणांच्या गटाचं गणित नेमकं उलट आहे. ते ठरलेल्या वेळेच्या गाडीत, रिकाम्या जाणाऱ्या जागांवर बसतात. त्यांच्यासाठी वेगळी गाडी, वेगळा चालक, वेगळी फेरी, काहीच लागत नाही.

पुण्याच्या टॅक्सी थांब्यावर हे शहाणपण कधीपासून आहे. तिथे एका सीटचा दर वेगळा आणि ‘फुल गाडी’चा दर वेगळा. चार जणांचं कुटुंब आलं तर टॅक्सीवाला सीटची बेरीज सांगत बसत नाही, गाडीची किंमत सांगतो.

महामंडळ स्वतःहून हे का करणार नाही

याचं उत्तर पैशांच्या वाटेत आहे. महिलेने २७५ रुपयांचं तिकीट काढलं की उरलेल्या २७५ रुपयांची प्रतिपूर्ती राज्य सरकार महामंडळाला करतं. ज्येष्ठांचंही तसंच. म्हणजे प्रवाशाच्या दृष्टीने तिकीट अर्धं झालं, महामंडळाच्या हिशेबात ते पूर्णच राहिलं. गट सवलत महामंडळाने स्वतःच्या निर्णयाने दिली तर तिची भरपाई कोणी करणार नाही. सरकारने दिलेली सवलत महामंडळाला फुकट पडते आणि स्वतः दिलेली अंगाला लागते. अशा स्थितीत आगारातला किंवा मुख्यालयातला कोणताही अधिकारी नवी सवलत सुचवायला धजणार नाही. यात कोणाचा आळस नाही. रचनाच तशी आहे.

म्हणून गट सवलतीचं प्रकरण दयेच्या किंवा कल्याणाच्या भाषेत मांडू नये. ते महसुलाच्या भाषेत मांडावं लागेल, आणि ते मांडता येतं.

पहिल्याचं पूर्ण, पुढच्यांचं अर्धं

माझी सूचना साधी आहे. एकाच आरक्षणावर तीन ते पाच जण एकत्र जात असतील तर पहिल्या प्रौढाचं पूर्ण तिकीट, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्याचं अर्धं, पाचव्याचं काही नाही. नाव द्यायचंच तर ‘सोबत तिकीट’ म्हणा. महिला, ज्येष्ठ आणि मुलांच्या सवलती आहेत तशाच राहतील आणि त्यांची प्रतिपूर्तीही.

चौघांचे होतात अडीच तिकिटांचे पैसे: १,३७५ रुपये. हा आकडा मी मोटारीच्या १,३६० शी जुळवायला ओढूनताणून काढलेला नाही. लहान मुलं असलेलं घर आज जे देतं तेच बाकीच्या चौघांनी द्यावं, एवढंच त्यात आहे. तिघांचे ११००. पाच जणांचेही १,३७५. पाचव्याला फुकट का? कारण मोटारीतही पाचवा फुकटच असतो, आणि तोच बहुतेक वेळा आजोबा किंवा मावशी असल्यामुळे बसचा बेत फिसकटतो.

बरोबरीचा आकडा पुरेल का, की मोटारीपेक्षा खाली जावं लागेल? पुरेल, कारण दादरला उतरल्यावर चौघांना टॅक्सी करायची तर तिचं भाडंही गाडीमागे असतं, डोक्यामागे नसतं. एकट्या माणसाला बसनंतरची टॅक्सी जड जाते. चौघांत ती वाटली जाते. शेवटच्या टप्प्याची अडचण गटाला एकट्यापेक्षा कमी भेडसावते. उरते ती मधल्या दीडशे किलोमीटरांची, आणि तिथे ड्रायव्हिंगचा थकवा वाचवणं हे घराला पैशांत न मोजताही कळतं.

सवलत मात्र चांगली घसघशीत हवी. बंगळुरूच्या नम्म मेट्रोने २०२३ मध्ये सहा जणांपर्यंत एकच क्यूआर तिकीट आणलं आणि त्यावर पाच टक्के सूट दिली. रांगेचा त्रास वाचवायला ते छान आहे. पण पाच टक्क्यांनी कोणी गाडीची किल्ली खाली ठेवत नाही. २,२०० चे २,०९० झाले तर चार मित्रांचा निर्णय बदलणार नाही. महामंडळाचे पैसे जातील आणि प्रवासी वाढणार नाहीत. अपुरी सवलत सगळ्यात महाग पडते.

परतीचा प्रवास

सवलतीच्या योजना बहुतेक वेळा इथे फसतात. कोणीही अधिकारी म्हणेल की गर्दीच्या वेळी सवलत नको. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी संध्याकाळी गाड्या तशाही भरतात. मुद्दा रास्त आहे. त्या वेळी गटाला अर्ध्यात बसवलं तर पूर्ण पैसे देणारे प्रवासी खाली राहतील.

पण घर मोटारीने जायचं की बसने, हा निर्णय एकदाच घेतं, जाण्या-येण्याचा मिळून. मोटारीने जाऊन बसने येता येत नाही. शनिवारी सकाळी १,३७५ आणि रविवारी संध्याकाळी २,२०० असा दर असेल तर घर दोन्ही वेळा मोटारच काढेल, आणि शनिवारची रिकामी जागाही रिकामीच राहील. गटाचा निर्णय त्याच्या सगळ्यात महागड्या फेरीवर ठरतो.

म्हणून सोबत तिकीट जोडीने विकावं: जाण्याचं आणि परतीचं एकत्र आरक्षण. परतीसाठी रविवारी दुपारी तीनच्या आत सुटणाऱ्या गाड्या आणि रात्री नऊनंतरच्या गाड्या खुल्या ठेवाव्यात. सोमवारी मुलांची शाळा असलेलं घर मामाकडे जेवून दोनची गाडी पकडू शकतं, नऊची नाही; मित्रांचा गट नऊची पकडेल. मधल्या सहा तासांत सवलत नाही, पण जागाही नसतात, त्यामुळे कोणाचं काही हिरावलं जात नाही. शिवाय दोन्ही दिशांना एकच नियम लावू नये. शनिवारी सकाळी घाटात जी कोंडी होते ती मुंबईहून लोणावळ्याकडे आणि पुण्याकडे येणाऱ्यांची. त्याच वेळी पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्याला तो ताण नसतो. दोन्ही टोकांच्या आगारांना आपापल्या गाड्यांचं भारमान, म्हणजे किती जागा भरतात ते, तासागणिक माहीत असतं. वेळा त्यांनी ठरवाव्यात, मुख्यालयाने नव्हे.

आणि मोठ्या सुट्ट्यांच्या आधीच्या शुक्रवारी, जेव्हा रस्त्यावरून मोटारी कमी होणं सगळ्यात गरजेचं असतं, तेव्हा ही सवलत काहीच करू शकणार नाही. त्या दिवशी ज्यादा गाड्या सोडणं हाच उपाय आहे.

जर्मनीत पाच जण एका तिकिटावर

हा प्रयोग कोणी केलाच नाही असं नाही. जर्मन रेल्वेने १९९५ मध्ये शनिवार-रविवारसाठी १५ मार्कांचं एक तिकीट आणलं. पाच जणांपर्यंत कोणीही, देशभरातल्या सगळ्या संथ प्रादेशिक गाड्यांत, दोन्ही दिवस. भारमान नसलेल्या गाड्या भरणं हाच हेतू होता. गाड्या इतक्या भरल्या की उभं राहायला जागा उरली नाही, आणि किंमत टप्प्याटप्प्याने वाढवावी लागली. पुढे ते एकाच दिवसापुरतं केलं गेलं. २०१९ मध्ये ते बंद झालं, पण त्याची धाकटी भावंडं, राज्यापुरती चालणारी गट तिकिटं, टिकली. बव्हेरियाचं तिकीट आजही पाच जणांपर्यंत चालतं: पहिल्या माणसाचा दर मोठा, पुढच्या प्रत्येकाची थोडीशी भर. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं, म्हणजे नोकरदारांच्या गर्दीत ते मिसळत नाही. म्युनिकला शिकायला गेलेली आपली मुलं त्याच्यासाठी हमखास सोबती शोधतात.

अनोळखी माणसांनी फलाटावर एकत्र येऊन गट बनवणं तिथे सर्रास चालतं. उपाय म्हणून तिकिटावर सगळ्यांची नावं लिहावी लागतात. आपल्याकडेही ही शंका निघेल: स्वारगेटला चार अनोळखी माणसं एकमेकांना शोधून अर्ध्यात जातील. सोबत तिकीट फक्त आगाऊ आरक्षणावर, दोन दिवस आधी, सगळ्यांच्या नावांसह दिलं की याला बराच आळा बसतो. एसटीच्या आरक्षणात नावं, वय आणि लिंग आधीच भरावं लागतं. वेगळं यंत्र लागत नाही. त्यानंतरही कोणी ओळखीपाळखीने चौघं जमवले तर जमवू द्यावेत. त्या चार जागा दोन दिवस आधी पक्क्या विकल्या गेल्या, यात तोटा नाही.

तोटा नेमका किती

महसुलाची भाषा म्हटली तर हा हिशेब टाळता येणार नाही. चार मित्र आज २,२०० देऊन जात असतील आणि उद्या १,३७५ देतील, तर महामंडळाचे ८२५ गेले. मोटारीने जाणारा एक नवा गट आला तर १,३७५ आले. म्हणजे आधीपासून बसने जाणाऱ्या दर दहा गटांमागे सहा नवे गट मिळाले की हिशेब बरोबरीत. सहा हा आकडा मोठा वाटेल. पण आज शिवनेरीने जाणारे चार मित्रांचे गट किती असतील? ते मोटारीने जातात हीच तर अडचण आहे. जे प्रवासी मुळात नाहीतच, त्यांच्या सवलतीतून फारसं गमावण्यासारखं काही नसतं.

कुटुंबांचा हिशेब याहून बरा. चौदा आणि सोळा वर्षांचे मुलगे असलेल्या घराकडून महामंडळाला आज १,९२५ मिळतात आणि आईच्या सवलतीपोटी सरकारकडून २७५, एकूण २,२००. सोबत तिकिटात घराकडून १,३७५, सरकारकडून तेच २७५, एकूण १,६५०. तोटा ५५० चा. नवं घर आलं तर मिळकत १,६५०. तीन जुन्या घरांमागे एक नवं घर पुरतं. आईमुळे महामंडळाची बाजू सावरते. म्हणून सुरुवात करायचीच तर ती सुट्टीच्या दिवसांच्या कौटुंबिक प्रवासापासून करावी. मित्रांचे गट त्याच नियमात आपोआप येतीलच.

हे सगळं रिकाम्या जागांवर अवलंबून आहे. भरलेल्या गाडीत चौघांना १,३७५ मध्ये बसवून २,२०० देणारे चार एकटे प्रवासी परतवले तर तो सरळ तोटा. म्हणून प्रत्येक गाडीत आठ आसनांचा कोटा, त्याहून जास्त नाही, आणि सुटण्याच्या दोन दिवस आधी तो संपला नाही तर आसनं सगळ्यांना खुली.

प्रयोगासाठी स्वारगेट–दादर आणि स्वारगेट–ठाणे हे दोन मार्ग आणि जूनपासून दिवाळीपर्यंतचा काळ पुरेसा आहे. पावसाळ्यात घाटात गाडी चालवायला लोक तसेही नाखूश असतात, आणि गणपती-दिवाळीची गर्दी त्याच काळात नियमाची परीक्षा घेईल. आरक्षण करताना एकच प्रश्न विचारावा: हे तिकीट नसतं तर तुम्ही कसे गेला असता? उत्तरांत मोटार असं सांगणाऱ्या गटांचं प्रमाण आणि त्या आठ आसनांचं आधीच्या वर्षीचं भारमान, एवढे दोन आकडे दर महिन्याला जाहीर करावेत. तीन महिन्यांनी दर दहा गटांत चार तरी मोटार सोडून आलेले नसतील तर पाचव्याची फुकट जागा आधी काढावी, आणि दिवाळीपर्यंतही आकडा हलला नाही तर योजना बंद करावी.